जाऊबाईंचं सात पानी घोषणापत्र

आमच्या जाऊबाईंशी भांडणं अवघड आहे. भांडायला समोरच्या माणसाने थोडं तरी वाढवून बोलावं लागतं, आणि त्यांना तेवढंही जमत नाही. परवा तुम्ही मला टाकून बोललात असं मी म्हटलं, की त्या क्षणभर आठवून बघतात आणि "परवा नाही, मंगळवारी. आणि टाकून नाही, सरळच बोलले होते," असं सांगून पुन्हा भाजी चिरायला लागतात. एकवीस वर्षं झाली, मी खालच्या मजल्यावर आणि त्या वरच्या. मधे एक जिना. त्या जिन्याने मी कितीदा तावातावाने वर गेले आणि थंड होऊन खाली आले, याला गणती नाही.

त्या नर्स. हॉस्पिटलात सव्वीस वर्षं काढली, त्यातली अठरा एकाच वॉर्डात, ऑपरेशन झालेले पेशंट ठेवतात तिथे. मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन टाकलंय, लोकांचे कपडे उसवून मापात बसवून देते. आम्ही दोघी टाके घालणाऱ्याच, असं मी चारचौघांत म्हणते. त्यावर त्या म्हणतात, टाके डॉक्टर घालतात, आम्ही काढतो. बघा, विनोदसुद्धा दुरुस्त करून देतात.

वॉर्डातली एक सवय त्यांच्या हाडीमाशी भिनलीय, ती म्हणजे नोंद. औषध दिलं की तिथल्या तिथे पेशंटच्या चार्टवर लिहायचं, वेळ टाकायची, सही करायची. द्यायचं होतं आणि दिलं नाही, तर तेही लिहायचं, आणि का दिलं नाही तेही. लिहिताना चुकलं तर गिचमिड खोडायचं नाही, त्यावर पांढरी शाई फासायची नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही. घरी दूध उतू गेलं तरी या बाईचं लक्ष आधी घड्याळाकडे जातं. थोरले दीर बिचारे सहन करतात. त्यांच्या सर्दीचीसुद्धा वही आहे.

सत्तेचाळिसाव्या वर्षी जाऊबाईंनी विद्यापीठात नाव घातलं. का, तर नर्सिंगच्या शाळेत शिकवायची जागा निघणार होती आणि तिला पदवी लागते. ही त्यांची फार जुनी इच्छा. वॉर्डात नव्या मुली येतात, पुस्तकातलं सगळं येतं, पण पेशंटच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, हे त्यांना आतून लागायचं. या मुलींना मी शिकवीन, असं त्या मला दहा वर्षांपूर्वीच म्हणाल्या होत्या. जागेला वयाची अट होती, अर्ज करताना पन्नाशी उलटलेली नसावी. अर्जाची मुदत संपणार आणि त्यानंतर एकोणीस दिवसांनी त्यांना पन्नास पूर्ण होणार. म्हणजे पदवी हातात आली तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. सगळे पेपर झाले होते. राहिला होता एक प्रकल्प, चाळीस पानांचा, ऑपरेशननंतर पहिल्या दोन दिवसांत पेशंटचं दुखणं कसं ओळखावं यावर.

आता हे असलं लिखाण करताना मुलं एआय वापरतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. विद्यापीठानेही नियम केला होता. आपलं लिहिलेलं त्याच्याकडून तपासून घ्यायला हरकत नाही. शुद्धलेखन बघा, अडकलेली वाक्यं सोडवा, कुठे आधार द्यायचा राहिला असेल तर तो दाखवेल. मात्र विचार, निरीक्षणं आणि शब्द तुमचे हवेत, आणि शेवटी घोषणापत्रात वापराची कबुली द्यायची. माझी लेक त्याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, विषय वेगळा. तिनेच काकूच्या लॅपटॉपवर ते बसवून दिलं. लेक त्याला टूल म्हणते, जाऊबाई यंत्र म्हणतात, मी आगाऊ म्हणते. न विचारता दुसऱ्याच्या वाक्यात नाक खुपसणाऱ्याला आणखी काय म्हणायचं?

जाऊबाई प्रकल्प आधी हाताने लिहायच्या, मग टाइप करायच्या, मग यंत्रापुढे ठेवायच्या. आणि लॅपटॉपच्या शेजारी एक आखलेली वही. तिच्यात चार रकाने: वेळ, यंत्राने काय सुचवलं, घेतलं की नाही, का. मी चहा घेऊन वर गेले की विचारायचे, पेशंट कसा आहे? त्या मान न उचलता म्हणायच्या, ताप उतरतोय. एवढाच काय तो त्यांचा विनोद.

एकदा मी ती वही उचलून वाचली. त्यांनी प्रकल्पात लिहिलं होतं, पेशंट दुपारपासून गप्प होता. यंत्राने सुचवलं, 'शांत होता' असं लिहा, ते जास्त बरं दिसतं. जाऊबाईंची नोंद अशी: 'नाकारलं. शांत माणसाला बरं वाटत असतं. हा गप्प होता कारण बोलायला श्वास घेतला की टाका ओढला जायचा. शांत लिहिलं तर त्याला दुखण्याचं औषध कोणी देणार नाही.' दुसऱ्या एका ठिकाणी यंत्राने आधाराला म्हणून एक लेख सुचवला होता, लेखकाच्या नावासकट. जाऊबाईंनी सुट्टीचे दोन दिवस ग्रंथालयात घालवले, ग्रंथपालांनाही कामाला लावलं. नोंद: 'असा लेख नाही. यापुढे आधार यंत्राकडून घेणार नाही, स्वतः शोधीन.' मी वही मिटून ठेवली. मी कापड बेततानासुद्धा इतका विचार करत नाही हो.

प्रकल्प पुरा झाला. घोषणापत्राचा फॉर्म आला. त्यात दोन चौकोन, वापर केला आणि वापर केला नाही, आणि खाली 'केला असल्यास थोडक्यात' म्हणून तीन ओळींची जागा. लोक तिथे काय लिहितात? काहीच नाही. दुसऱ्या चौकोनात टिक करतात आणि मोकळे होतात. आमच्या जाऊबाईंनी पहिल्या चौकोनात टिक केली, तीन ओळींच्या जागेत लिहिलं 'सोबत जोडलं आहे', आणि वहीतली नोंद जशीच्या तशी टाइप करून सात पानं जोडली. एकूण सूचना एकशे त्रेचाळीस, घेतल्या एक्कावन्न, नाकारल्या ब्याण्णव. वेळेसकट, कारणासकट, सहीसकट.

आठ दिवसांनी, गुरुवारी, पत्र आलं. एकशे त्रेचाळीस वेळा यंत्र वापरणं हा मर्यादित वापर दिसत नाही, तो अतिवापर ठरू शकतो, सबब सोमवारी समितीपुढे हजर व्हावं. प्रकल्प अमान्य झाला तर पुढच्या वर्षी नव्याने सादर करता येईल.

पुढच्या वर्षी! मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच संध्याकाळी त्यांच्या मार्गदर्शक सरांचा फोन आला. सर तरुण आहेत, माणूस वाईट नाही. ते चाचरत म्हणाले की घोषणापत्र बदलून द्यायचं असेल तर सोमवार सकाळपर्यंत मुभा आहे, साधं एका ओळीचं दिलं तर बैठकीची गरजच उरणार नाही. जाऊबाईंनी आभार मानून फोन ठेवला आणि डाळ फोडणीला टाकली.

मी जिना चढून वर गेले ते डोक्यात राख घालूनच. म्हटलं, जाऊबाई, हा हट्ट कशासाठी? साठ जणांच्या वर्गात खरं बोलण्याचा मक्ता तुम्ही एकट्यानेच घेतलाय का? ज्यांनी आख्खे निबंध त्या आगाऊकडून लिहून घेतले ते आज घरी पाय पसरून बसलेत, आणि तुम्ही एकेक शब्द पारखून घेतलात तर तुम्हाला बोलावणं. द्या ना एका ओळीचं. सगळे देतात. बोलण्याच्या भरात माझ्या तोंडून निघून गेलं, की माझ्या लेकीनेही तेच केलं. तिच्या निबंधातली मधली दोन पानं टूलनेच लिहिली होती. फॉर्म भरताना तिने मला विचारलं, आई काय करू, आणि मीच सांगितलं, वापर केला नाही वर टिक कर, कोण बघतंय.

बोलून बसले आणि जीभ चावली. जाऊबाईंनी गॅस बारीक केला. लेकीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. हात धुतले, पुसले, परत धुतले. मग म्हणाल्या, "मला भीती वाटतेय. ती जागा मला हवी आहे, फार हवी आहे. पण भीती वाटली म्हणून चार्ट बदलला, असं मी सव्वीस वर्षांत केलेलं नाही. सोमवारी तू येशील माझ्याबरोबर?"

येईन म्हटलं. नाही कशी म्हणणार? चार दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. एका गिऱ्हाइकाच्या पॅन्टचा एक पाय दोन बोटं आखूड केला आणि दुसरा तसाच ठेवला.

सोमवारी बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल, टेबलापलीकडे तिघं. मधे अध्यक्ष बाई, केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला मार्गदर्शक सर, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाच्या कार्यालयातले एक गृहस्थ, जे सगळा वेळ लिहून घेत होते. घरचं एक माणूस सोबत चालतं, म्हणून मला भिंतीजवळच्या खुर्चीत बसू दिलं. जाऊबाई ड्यूटीवर जाताना बसतात तशा ताठ बसल्या.

अध्यक्ष बाईंनी आकड्यापासूनच सुरुवात केली. एकशे त्रेचाळीस म्हणजे फार झालं, असं त्यांना वाटत होतं. जाऊबाई म्हणाल्या, तो विचारल्याचा आकडा आहे, ऐकल्याचा नाही. मग बाईंनी सात पानं उलटीसुलटी केली आणि मधूनच कुठल्यातरी नोंदी विचारायला लागल्या. अमुक नाकारलं ते का, तमुक घेतलं ते का. जाऊबाईंनी एकदाही कागदाकडे पाहिलं नाही. घेतलेल्या एक्कावन्नांत बहुतेक शुद्धलेखन होतं, काही लांबलेली वाक्यं तोडलेली, काही ठिकाणी एकच मुद्दा दोनदा आलेला. नाकारलेल्यांपैकी त्यांनी गप्प आणि शांतचा फरक सांगितला तेव्हा लिहून घेणारे गृहस्थ लिहायचे थांबले. त्यांच्या वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालं असावं, असं आपलं माझ्या मनात आलं.

मग बाईंचं बोट एका नोंदीवर थांबलं. म्हणाल्या, ही आधी घेतली आहे आणि दुसऱ्या दिवशी रेघ मारून मागे घेतली आहे, हे काय? मी मनात म्हटलं, झालं, आता सापडल्या.

जाऊबाईंनी सांगितलं. प्रकल्पात वाक्य होतं, औषध दर चार तासांनी द्यावं. यंत्राने सुचवलं, औषध दिवसातून चार वेळा द्यावं, वाक्य सोपं होईल. त्या बारा तासांची ड्यूटी करून आल्या होत्या, वाक्य कानाला बरं वाटलं, घेतलं. सकाळी वाचलं आणि घाम फुटला. दर चार तासांनी म्हणजे दिवसाला सहा वेळा. दोन वेळचं औषध त्या एका सोप्या वाक्याने उडवलं होतं.

सर म्हणाले, पण ती चूक तुम्ही वेळेत सुधारली, प्रकल्पात ती कुठेच नाही. मग नोंद ठेवलीत कशाला? काढून टाकली असती तर आम्हाला कळलंही नसतं.

"यंत्राने सुचवलं, पण घेतलं मी," जाऊबाई म्हणाल्या. "त्याने वॉर्ड पाहिलेला नाही. मी पाहिलाय, तरी घेतलं. ती चूक माझ्या नावावरच राहायला हवी, म्हणजे पुढच्या वेळी दमलेली असेन तेव्हा मी तपासायला बसणार नाही."

अध्यक्ष बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या की या वर्षी त्यांच्याकडे साठ घोषणापत्रं आलीत, आणि एकोणसाठ जणांनी वापर केला नाही असं लिहिलंय. तुम्ही त्यांच्यात बसता-उठता, आजूबाजूला पाहता. हे खरं आहे का?

मला आधी लेक आठवली. लेक त्या साठांत नव्हती, तिचा विभाग वेगळा. पण एकदा बोलायला सुरुवात झाली की गाडी कुठे जाऊन थांबते ते कोणी सांगावं? आणि जाऊबाईंना खोटं बोलता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले.

"मी माझ्या पेशंटचा चार्ट भरते," जाऊबाई म्हणाल्या. "शेजारच्या खाटेचा ज्याने त्याने भरायचा असतो. मला एवढंच माहीत आहे की चार्ट कोरा असला म्हणजे औषध दिलं नाही, असं आम्ही धरत नाही. तिथे कोणी लक्ष दिलं नाही, असं धरतो."

पुढचं थोडक्यात सांगते. अर्धा तास बाहेर बसवलं आणि मग आत बोलावून सांगितलं की प्रकल्प मान्य आहे. शेऱ्यात लिहिलं, वापर नियमानुसार व जबाबदारीने. सरांनी उभं राहून अभिनंदन केलं, आणि फोनवर जे सुचवलं ते सुचवायला नको होतं, असंही अध्यक्ष बाईंसमोर बोलून दाखवलं. हे मला आवडलं. पदवी वेळेत हातात आली, अर्ज गेला, मुलाखत झाली, आणि पन्नासावा वाढदिवस जाऊबाईंनी नर्सिंगच्या शाळेत पहिल्या वर्गावर उभं राहून घालवला. मुलींना म्हणे पहिल्याच तासाला पेन खाली ठेवायला सांगितलं आणि शेजारणीच्या चेहऱ्याकडे दोन मिनिटं बघायला लावलं. आता त्या शिकवतात, आणि माझी छाती फुगते. सख्खी बहीण असती तरी याहून जास्त फुगली नसती.

पण त्या सोमवारी संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

घरी येताना बसमध्ये जाऊबाई खिडकीशी डोकं टेकून झोपल्या. जीव भांड्यात पडला होता त्यांचा. माझा मात्र काही केल्या पडेना. शेजारची खाट म्हणजे कोणाची, ते आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही. टोचलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

लेक कॉलेजातून आली. मी मशीनवर होते, त्या चुकलेल्या पॅन्टचा दुसरा पाय करत. तिने दप्तर टाकलं आणि विचारलं, काकूचं काय झालं? मी सगळं सांगितलं, गप्प आणि शांत, चार तास आणि चार वेळा. ती हसत होती, मधेमधे वा काकू म्हणत होती. शेजारच्या खाटेपर्यंत आले आणि ती हसायची थांबली. तिच्याही ध्यानात आलं.

माझा स्वभाव तापट आहे, पण आडपडदा मला जमत नाही. मी मशीनवरून पाय काढला आणि म्हटलं, "तुला खोटं लिहायला मी सांगितलं. आईने सांगू नये ते सांगितलं. चुकलं माझं."

ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत होती. वर न बघता म्हणाली, "तू तसंच सांगशील हे मला माहीत होतं, आई. म्हणून तर तुला विचारलं. काकूला विचारलं असतं तर लिहावं लागलं असतं."

लागलं. नखाखाली सुई जावी तसं लागलं. पोरगी उद्धट बोलली नव्हती, खरं तेच बोलली होती. चूक करायची असली की कोणाकडे जायचं हे तिने बरोबर हेरलं होतं, आणि ते माणूस मी होते. एकवीस वर्षं मी जिना चढून जाऊबाईंना शहाणपण शिकवायला जात होते.

मी पॅन्ट बाजूला सारली, शिवणाच्या टेबलावरचे दोरे झटकले, आणि तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हटलं, विचारलंस ना मला? मग आता माझंच उत्तर ऐक. कोणती पानं त्याने लिहिली, कोणती तू, ओळीने सगळं लिहायचं, आणि उद्या सकाळी स्वतः जाऊन तुझ्या बाईंच्या हातात द्यायचं. मार्क कापतील. निबंध पुन्हा लिहायला लावतील. लावू देत.

ती म्हणाली, वर जाऊन काकूला विचारून लिहू का, तिला बरोबर जमतं.

"नाही," मी म्हटलं. "इथेच बसून लिही. मी वाचणार आहे."

ती लिहायला बसली. तीनदा थांबली, एकदा रडली, एकदा माझ्यावर चिडली. एके ठिकाणी खोडायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला, म्हटलं, एकच रेघ मार, खालचं दिसू दे. कागद भरला, मग मागची बाजूही भरली. तिने सही केली आणि कागद माझ्याकडे दिला, आणि मी तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.